करार कायद्याचा पहिला धडा

वाणिज्य शाखेत व्यवसाय कायद्याची सुरुवात बहुधा 1872च्या भारतीय करार कायद्यापासून होते. प्रस्ताव, स्वीकृती, मोबदला, मुक्त संमती आणि पक्षकारांची पात्रता ही त्याची मुळाक्षरे.

पात्रता समजावताना हमखास येतो तो कोलकात्याचा खटला. धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने 1895 साली सावकार ब्रह्मो दत्त यांना 20 हजार रुपयांचे गहाणखत लिहून दिले. तो सज्ञान नसल्याचे त्याच्या आईच्या वकिलाने सावकाराच्या वकिलाला आधीच पत्राने कळवले होते. तरी व्यवहार झाला.

1903 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने निकाल दिला: अज्ञानाचा करार मुळातच रद्दबातल. दिलेली रक्कमही सावकार पक्षाला परत मिळाली नाही.

हा दंडक आजही लागू आहे. म्हणून सही घेण्याआधी समोरच्याचे वय कागदपत्रांवरून जरूर तपासा.