पावसाळ्यात घर उचलणारी माती

मे महिन्यात आर्णीजवळच्या एखाद्या वावरात जा आणि एक गंमत करून बघा. पऱ्हाटी केव्हाच उपटून झालेली असते, ऊन असं की उघडा पाय टेकवत नाही, आणि काळ्या जमिनीला जागोजागी भेगा गेलेल्या असतात. एक लांब तुराटी घ्या आणि भेगेत सरळ सोडा. हातभर तर ती सहज आत जाते, कधी त्याहूनही खोल. (बोटं मात्र घालू नका. विंचवाला अशी जागा फार आवडते!) आता तीच भेग ऑगस्टमध्ये शोधायला जा. सापडायची नाही. पाणी पिऊन माती फुगली आणि भेग मिटली.

वावरातली माती फुगते, तर मग घराखालची? तीही फुगते की! आणि फुगताना वरच्या घराला उचलते. ही थाप नाही हं. आर्णीच्या अरुणावती नदीच्या खोऱ्यातच नव्हे, विदर्भ-मराठवाड्यात जिथे जिथे खोल काळी जमीन आहे, तिथे घर बांधणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरला आधी हाच विचार करावा लागतो.

काळी माती आली कुठून? साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, थंड होऊन त्याचा बेसॉल्ट झाला, म्हणजे आपला काळा पत्थर. तो झिजून झिजून ही माती तयार झाली. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं एक खनिज असतं. नाव अवघड आहे, पण करामत सोपी आहे. या खनिजाचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक बसलेले असतात, आणि एकेक थर इतका पातळ की 1 मिलिमीटरमध्ये असे जवळजवळ 10 लाख थर मावतील. दोन थरांच्या मधे विद्युतभारित कण असतात, ते पाण्याला आत ओढून घेतात. पाणी शिरलं की थर एकमेकांपासून सरकतात. एका जोडीचं सरकणं ते केवढंसं? पण अशा अब्जावधी जोड्या एकदम सरकल्या की जमीनच वर येते.

माती किती फुगेल हे इंजिनिअर बांधकामाआधीच तपासतात, आणि ती तपासणी मला फार आवडते. वाळवून बारीक चाळलेली माती 10-10 ग्रॅम घेऊन काचेच्या दोन मोजनळ्यांत टाकायची. एकीत पाणी, दुसरीत चक्क रॉकेल! ढवळून 24 तास ठेवायचं. रॉकेलला मातीचे थर आत ओढत नाहीत, म्हणून त्या नळीतली माती आहे तेवढीच राहते. पाण्यातली मात्र चढत जाते. समजा रॉकेलमध्ये माती 10 मिलिलिटरच्या खुणेला बसली आणि पाण्यात 20 च्या, तर माती दुप्पट झाली. ती दीडपट झाली, तरी इंजिनिअरचे कान टवकारतात. तुमच्या शाळेत मोजनळ्या असतील तर सरांना किंवा बाईंना सांगून हा प्रयोग जरूर करा. रॉकेल मात्र मोठ्यांनीच ओतायचं.

आता एक कोडं. या मातीवर जास्त कोण तडकेल, तीन मजली जड इमारत की एकमजली हलकं घर? पुष्कळ जण म्हणतील, जड इमारत. पण बहुतेक वेळा हलकं घरच आधी तडकतं. कंपाउंडची भिंत, व्हरांड्याची फरशी, एकट्या खोलीची शाळा, यांचे हाल सगळ्यात जास्त. 10 सेंटिमीटर जाड काँक्रीटच्या फरशीचा एक चौरस मीटर तुकडा भरतो साधारण 240-250 किलो. आणि चांगली फुगणारी माती तेवढ्याच जागेवर 10 टनांहूनही जास्त जोर लावू शकते. फरशी बिचारी काय करणार, ती उचलली जाते. जड इमारतीचं वजन निदान या जोराला थोडं तरी दाबून धरतं.

सगळं घर एकसारखं वर गेलं असतं तर भिंतीला काहीच झालं नसतं. पण तसं होत नाही. पावसाचं पाणी आधी घराच्या कडांना मुरतं, मधली जमीन कोरडी राहते. मोरीचा पाइप गळत असला तर तेवढाच कोपरा फुगतो. भिंतीला लागून मोठं झाड असलं तर ते उन्हाळ्यात तिथलं पाणी शोषतं, आणि तिथली जमीन आकसून खाली जाते. मग भिंत कुठे वर, कुठे खाली, अशी वाकायला लागते. विटांची भिंत दाबाला भक्कम असते. तिच्यावर हवं तेवढं ओझं ठेवा. ताण मात्र तिला सोसत नाही. वीट आणि मसाल्याचा सांधा लगेच सुटतो. म्हणून भेग पायऱ्या पायऱ्यांनी, सांध्या-सांध्यांतून तिरपी चढते. आणि ती बऱ्याचदा खिडकीच्या कोपऱ्यातून का निघते? तिथे भिंत कापलेली असते, त्यामुळे सगळा ताण कोपऱ्यात गोळा होतो.

मग करायचं काय? बरडावर फार खोदावं लागत नाही. दोन-तीन फुटांवर मुरूम लागला की काळी माती काढून टाकायची आणि पाया थेट मुरमावर घ्यायचा. माती जरा खोल असली तर पायाखालची आणि आजूबाजूची माती काढून चांगला मुरूम थराथराने कुटून भरतात. जुने गवंडी हे अनुभवाने करत आले. असा न फुगणारा, पण चिकटून राहणारा मातीचा थर वर दिला की खालच्या काळ्या मातीचं फुगणं आवरतं, हे आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी संशोधनातून दाखवलं. काळ्या मातीतून जाणाऱ्या कालव्यांनाही त्याचा मोठा उपयोग झाला.

पण काळी माती खूपच खोल असली तर? तेव्हाची युक्ती मला सगळ्यात भारी वाटते. रुरकीच्या सेंट्रल बिल्डिंग रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी आपल्या देशातल्या अशा जमिनींसाठी ती घडवली. जमिनीत हाताने फिरवायच्या गिरमिटाने अरुंद, खोल भोक पाडायचं. मग एक खास अवजार आत सोडायचं. ते तळाशी टेकवून दाबलं की त्याची पाती उघडतात आणि फिरवताना भोकाचा खालचा भाग पोखरून रुंद करतात. हा फुगीर भाग भोकाच्या साधारण अडीचपट रुंद असतो. आत सळाखींचा पिंजरा सोडून काँक्रीट ओतलं की झाला खांब तयार, वर बारीक आणि खाली फुगीर.

खोल काळ्या जमिनीत तो निदान साडेतीन मीटर खाली न्यायचा, असा आपल्या भारतीय मानकाचा नियम आहे. कारण उन्हाळा-पावसाळ्याने माती ओली-कोरडी होते ती वरवर. तेवढ्या खोलीवर तिला ऋतूंचा फारसा पत्ताच नसतो. वरची माती फुगून खांबाला वर खेचते, तेव्हा खालचा फुगीर भाग जमिनीत अडकून राहतो. या ओढाताणीत खांबावर ताण येतो, आणि काँक्रीटही विटेसारखंच, दाबाला पक्कं आणि ताणाला कच्चं. तो ताण झेलायचं काम लोखंडाचं, म्हणून सळाखी खांबाच्या टोकापासून टोकापर्यंत.

आणि अशा खांबांवर जो जोत्याचा बीम टाकतात ना, त्याच्याखाली मुद्दाम निदान 80 मिलिमीटर जागा मोकळी सोडतात! नवा माणूस म्हणेल, मिस्त्री माती भरायला विसरला वाटतं. पण ती जागा मातीसाठीच राखलेली असते. तिने पावसाळ्यात खुशाल फुगावं, बीमला हात न लावता.

तुमच्या घराच्या भिंतीला भेग असेल तर पेन्सिलने तिच्या दोन्ही टोकांशी बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. मधे भेगेची रुंदी पट्टीने मोजून तीही लिहा. मेमध्ये एकदा, सप्टेंबरमध्ये एकदा. भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते, किंवा नेमकं उलटं होतं, तर बहुधा खालची माती हलतेय. ऋतू कुठलाही असो, ती वाढतच चालली असेल, तर वहीतले आकडे घेऊन आईबाबांना इंजिनिअरकडे पाठवा. तो सगळ्यात आधी हेच आकडे मागेल.