आधी ऊब, मग दाणा
परसात दोनचार कोंबड्या बाळगणारे गृहस्थ पिल्लांच्या संगोपनाचा विचार बहुधा दाण्यापासून सुरू करतात. परंतु अंड्यातील जीव जागा होण्यापासून पिल्लाच्या अंगावर खरी पिसे फुटेपर्यंत जो कारभार चालतो, त्याची सारी सूत्रे उष्णतेच्या हाती असतात, हे एकदा ध्यानी आले की पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो.

फलित अंडे थंड जागी सुप्तावस्थेत राहते. म्हणूनच कोंबडीने अंडी निरनिराळ्या दिवशी घातलेली असली, तरी ती खुडूक होऊन बसली की सर्वांची वाढ एकदमच सुरू होते. गावठी कोंबडीखाली दहाबारा अंडी पुरेत. ती आठवड्याहून शिळी नसावीत, आणि धुतलेली तर मुळीच नसावीत, कारण कवचावरील नैसर्गिक लेप गेला की सूक्ष्म रंध्रांतून जंतूंना वाट मिळते. पुढील २१ दिवस अंड्यांना ऊब पुरविण्याचे, आणि गर्भ आतील पडद्याला चिकटू नये म्हणून ती वारंवार फिरविण्याचे काम ती माउली तिळमात्र कसूर न करता बजावते. आपण तिच्या दाणापाण्याची तजवीज ठेवावी आणि सातव्या दिवसाच्या सुमारास रात्री अंडी विजेरीपुढे धरून पाहावीत. तांबड्या शिरांचे जाळे दिसेल ती ठेवावीत, निव्वळ पारदर्शक असतील ती काढावीत.

कवचाला पहिला तडा गेला की पाहणाऱ्याला धीर धरवत नाही. पिल्लू तडा देऊन तासन्‌तास स्वस्थ पडते, ते थकले म्हणून नव्हे. पडद्यातील रक्त त्या अवधीत अंगात ओढले जात असते आणि बलकाचा शिल्लक साठा पोटात सामावत असतो. करुणेपोटी कवच सोलणारा हात त्याच्या रक्तस्रावास कारण होतो, म्हणून मी तर अशा वेळी टोपलीपासून दूर राहावे असेच सांगेन. पोटातील त्या शिदोरीवर पिल्लू दोन दिवस निभावते, आणि त्याच बळावर एक दिवसाची पिल्ले उबवणी केंद्रातून दूरच्या गावी दाण्यावाचून पाठविता येतात.

अशी आईविना आलेली पिल्ले सर्वस्वी आपल्या भरवशावर असतात. खोक्यात तूस पसरून वर दिवा टांगावा. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता असावी व ती दर आठवड्यास तीनेक अंशांनी उतरवावी. तापमापक नसला तरी पिल्लांकडे निरखून पाहणाऱ्याचे अडत नाही: दिव्याखाली एकमेकांवर रेटून चिवचिवाट करतील तर थंडी वाजते आहे, दूर कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकतील तर उष्मा अधिक झाला आहे, आणि सर्वत्र विखरून दाणे टिपत असतील तर बंदोबस्त यथायोग्य आहे. गुळगुळीत कागदावर त्यांचे पाय फाकतात, म्हणून तो तळाशी घालू नये. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात खडे टाकावेत, कारण भिजलेले पिल्लू गारठून मरते.

राणीखेत या रोगावर इलाज नाही, प्रतिबंध आहे. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत सोडतात. ही लस दवाखान्यातून बर्फात ठेवूनच आणावी आणि कालवल्यावर लागलीच वापरावी. पिल्लाला जगविणारी ऊब तिला मात्र निकामी करते.