आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवताय? नवा डेटा कायदा काय म्हणतो, वाचा

शिराळा : "दादा, आधारचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका, फॉर्म भरून ठेवतो." सेवा केंद्रात गर्दी असली की हे ऐकू येतंच. आपणही लगेच पाठवतो. लाडकी बहीण, पीकविमा, शेतकरी ओळख क्रमांक, सगळ्याला आधार लागतं. काम झाल्यावर तो फोटो समोरच्याच्या मोबाइलमध्ये किती दिवस राहतो, हे मात्र कोणी विचारत नाही.

विचारायला हवं. २०२४ मध्ये नवी मुंबईकडच्या एका महिलेचा लाडकी बहीणचा अर्ज काही केल्या भरला जाईना. चौकशी केली तर तिच्या आधार क्रमांकावर आधीच अर्ज भरलेला निघाला, आणि तोही आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातून. दुसऱ्यांचे आधार क्रमांक वापरून एकाच महिलेसाठी सुमारे ३० अर्ज भरल्याच्या आरोपावरून पोलिसांनी कारवाई केली.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि मुख्य कलमं लागू व्हायला आणखी १८ महिने दिलेत. म्हणजे मे २०२७.

तेव्हापासून तुमची माहिती घेणाऱ्या कंपनीला किंवा ॲपला ती कशासाठी हवी, हे आधी साध्या भाषेत सांगून संमती घ्यावी लागेल. ही सूचना मराठीत मागता येईल. संमती मागे घेता येईल, चूक दुरुस्त करून घेता येईल, काम संपल्यावर माहिती पुसायला सांगता येईल. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

पण गोम इथेच आहे. तो दंड सरकारजमा होणार. ज्याची माहिती फुटली, त्याला त्यातला एक रुपयाही नाही. शिवाय सरकारी योजनेचा लाभ देताना सरकारला दरवेळी संमती घेण्याचं बंधन नाही. कागदावरची झेरॉक्सही, ती स्कॅन होऊन संगणकात जाईपर्यंत, या कायद्यात बसत नाही.

त्यामुळे तोवर आपणच सांभाळायचं. लॉजवर किंवा भाड्याच्या खोलीसाठी आधार मागितलं तर आधारच्या वेबसाइटवरून 'मास्क्ड आधार' काढून द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मोबाइल नंबर आधारला जोडलेला असेल तर बायोमेट्रिक लॉक करता येतं. मग आपल्या अंगठ्याचा ठसा वापरून कोणी परस्पर पैसे काढू शकत नाही. रेशनला अंगठा द्यायचा असेल तेव्हा तेवढ्यापुरतं उघडायचं, जरा कटकट आहे खरी. केंद्रात फोटो पाठवलाच असेल तर काम झाल्यावर समोर उभं राहून डिलीट करायला लावा.

आणि खात्यातून पैसे गेलेच, तर उद्यावर न ढकलता १९३० या क्रमांकावर लगेच फोन करा.