बुडावं, पण हरवू नये!

आपल्या रेणापूरकडं पोरं विहिरीत पोहायला शिकतात ती पाठीला रिकामा डबा बांधून. घरी बनवलेल्या पाणबुड्या रोबोटचं गणितही तेच. पाइपचा रोबोट 4 लिटर पाणी बाजूला सारत असेल, तर वजन 4 किलोच्या आसपास हवं. मग सिरिंजनं 50 मिली पाणी आत ओढलं की वजन 50 ग्रॅमनं वाढतं आणि स्वारी खाली!

काही जण सिरिंजऐवजी हवेचा फुगा लावतात. हौदात झकास चालतं. पण 10 मीटरवर दाब दुप्पट, फुगा निम्मा. उचल घटली की रोबोट आणखी खाली, फुगा आणखी लहान. भंडारवाडीच्या धरणात असा गेला तर गाळातून काढणार कोण? मेसचे पैसे वाचवून घेतलेल्या मोटरी त्यात असतात, राव! म्हणून हवा कडक नळीतच ठेवा.

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘माया’ हे यान पुढे पळताना शेपटीकडच्या पंखांनी नाक खाली करून खोली गाठतं. आपल्याला एका जागी थांबायचंय, तेव्हा उभी मोटर बरी. रोबोट 30 ग्रॅम हलकाच ठेवा. मोटर त्याला खाली दाबेल. बॅटरी संपली की आपोआप वर येईल.