दिव्याखालचीं बारीक पांखरें

आपल्या घरांत कपाटामागच्या भिंतीवर किंवा माळ्याकडच्या कोपऱ्यांत काकडीच्या बीसारखी चपटी, राखी रंगाची, दोन्ही टोकांना निमुळती अशी एक बारीकशी पिशवी चिकटलेली आपण पुष्कळदां पाहिली असेल. धुळीचा गोळा समजून आपण ती केरसुणीनें झटकून टाकतां. परंतु थोडा वेळ तिच्याकडे पाहत बसलां, तर ती हळूच सरकूं लागते आणि तिच्या टोकांतून एक तपकिरी डोकें बाहेर येतें. ती एका अतिशय लहान पतंगाची अळी होय. आपल्या तोंडांतून काढलेल्या रेशमांत वाळूमातीचे कण गुंफून तिनें तें घर विणलेलें असतें. घराला दारें दोन, आणि आंतल्या आंत वळून हव्या त्या दारांतून डोकें काढण्याची तिला सोय! कोळ्याचीं जुनीं जाळीं, केस, लोकर हें तिचें खाद्य. शालींना जी कसर लागते, तिच्याच कुळांतील हें भावंड.

पतंग म्हटला म्हणजे दिव्याभोंवतीं घिरट्या घालणारें बोटभर पांखरूं आपल्या डोळ्यांपुढें येतें. पण पतंगांच्या सृष्टींत लहानांची संख्या फार मोठी आहे. अशा लहान पतंगांच्या कुळांना शास्त्रांत मायक्रोलेपिडॉप्टेरा म्हणतात. आपण त्यांना सूक्ष्म पतंग म्हणूं. हें नांव केवळ सोयीचें. हीं सारीं कुळें कांहीं एका घराण्यांतलीं नव्हेत. त्यांतील सर्वांत लहानांचे पंख पसरले तरी जेमतेम तीन मिलिमीटर भरतात, आणि त्यांच्या अळ्या पानाच्या दोन पापुद्र्यांमध्यें राहून मधला गर खातात. आमच्या सुरगाण्यास मृगाच्या पावसानंतर ओसरीवर दिवा लावून मागें पांढरें धोतर ताणलें, म्हणजे तासाभरांत त्यावर कोणीं मिरपूड उधळली आहे असें दिसतें. ती मिरपूड भिंगाखालीं पाहावी. कोणाच्या पंखांवर सोनेरी पट्टे, कोणाच्या पंखांना केसांची लांब झालर, तर कोणाच्या तोंडापुढें शिंगांसारख्या वर वळलेल्या दोन मिशा!

मीं हें भिंग हातीं घेतलें तें मात्र हौसेनें नव्हे. २०१५ सालच्या हिवाळ्यांत माझा एक जुना विद्यार्थी टोमॅटोचीं पानें घेऊन आला. दिंडोरीकडे त्याची शेती आहे. पानांवर पांढुरके चट्टे पडले होते. "गुरुजी, हें काय असावें?" मीं चष्मा सारखा केला आणि म्हणालों, "अरे, ही नागअळी. दरवर्षींचीच आहे. पानें खुडून टाक, झाड तग धरील." मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर, पण खेड्यांत मास्तरांचा शब्द वजनदार असतो. त्यानें तो मानला. पंधरा दिवसांनीं तो पुन्हां आला तेव्हां त्याच्या हातांत फळें होतीं. देठापाशीं सुईनें टोंचल्यासारखीं छिद्रें, आणि आंत अळी. निम्मी लागवड त्याला उपटून टाकावी लागली. तो मला एकहि शब्द बोलला नाहीं, याचेंच मला अधिक वाईट वाटलें.

मीं ओळखली ती नागअळी एका माशीची. ती पानांत बारीक, नागमोडी पांढरी रेघ ओढते. तिच्या अळीला पाय नसतात आणि डोकेंहि दिसत नाहीं. या पानांवर रेघ नव्हती, रुंद चट्टा होता. आंत काळी विष्ठा होती. आणि अळीला तपकिरी डोकें व पाय होते. म्हणजे ती माशीची नव्हे, पतंगाची. एवढें पाहण्यास चार आण्यांचें भिंगहि पुरलें असतें.

तो पतंग होता दक्षिण अमेरिकेंतला ट्यूटा. २००६ सालीं तो स्पेनमध्यें पोंचला, आणि २०१४ च्या अखेरीस आपल्या देशांत प्रथम पुण्याच्या परिसरांत आढळला. लवकरच नाशिक जिल्ह्यांतहि त्याची नोंद झाली. पंखांचा विस्तार अवघा दहा मिलिमीटर, रंग करडा, त्यावर काळे ठिपके. एक मादी अडीचशेंपर्यंत अंडीं घालते.

या पांखराला पहिलें नांव दिलें तें एका शाळामास्तरानें, हें कळलें तेव्हां मला मौज वाटली. एडवर्ड मेरिक हे इंग्लंडांतील मार्लबरो येथील शाळेंत १८८७ पासून १९१४ पर्यंत शिक्षक होते. १९३८ सालीं ते वारले तोंवर त्यांनीं सूक्ष्म पतंगांच्या चौदा हजारांहून अधिक नव्या जातींचें वर्णन केलें होतें. हिंदुस्थानांतूनहि त्यांच्याकडे नमुने जात. बिहारांतील पुसा येथील सरकारी कीटकशास्त्रज्ञ बेनब्रिग फ्लेचर यांनीं पुष्कळ पाठविले. पेरू देशांतील हुआंकायो येथल्या एका पतंगाला मेरिकांनीं १९१७ सालीं फायथॉरिमिया ॲब्सोल्यूटा हें नांव दिलें. तोच हा.

मेरिकांची सारी भिस्त पंखांतील शिरांवर, पंखांच्या आकारावर आणि तोंडापुढच्या मिशांवर असे. पतंगाचें पोट कॉस्टिक पोटॅशांत मऊ करून जननेंद्रियें सूक्ष्मदर्शकाखालीं तपासण्याची रीत त्यांच्या हयातींत रूढ होत होती. ती त्यांनीं स्वीकारली नाहीं. आम्हां मास्तरांचा हेका मला ठाऊक आहे, म्हणून मी त्यांना हंसत नाहीं. पण त्यामुळें पुढच्या लोकांना लंडनच्या संग्रहालयांतील त्यांचे नमुने पुन्हां एकेक उघडून पाहावे लागले. कारण कांहीं जाती वरून अगदीं सारख्या दिसतात.

आपल्याकडचेंच उदाहरण पाहा. बटाट्याला पोखरणारें पांखरूं १९०६ च्या सुमारास इटलींतून आलेल्या बेण्याबरोबर मुंबई इलाख्यांत शिरलें. तें टोमॅटोचींहि पानें पोखरतें आणि दिसण्यांत ट्यूटाचा जुळा भाऊ. अळी मोठी झालेली असेल तर भिंगानें भेद कळतो: डोक्यामागची पाटी बटाट्याच्या अळींत सबंध काळी, ट्यूटाच्या अळींत मागच्या कडेलाच काळी रेघ. उडतीं पांखरें हातीं आलीं तर मात्र पोट उघडल्यावांचून खात्री नाहीं. आणि ही खात्री लागतेच. शेतांत नर पकडण्यासाठीं मादीच्या गंधाचा जो सांपळा लावतात, तो ज्या त्या जातीसाठीं वेगळा असतो. चुकीच्या नांवानें आणलेला सांपळा रिकामाच लोंबतो.

ट्यूटाच्या नांवाची कथाहि सरळ नाहीं. जननेंद्रियांच्या आधारें शास्त्रज्ञांनीं तें एका गणांतून दुसऱ्यांत असें कित्येकदां हलविलें. १९९४ सालीं तें ट्यूटा गणांत आलें. पुढें २०२१ सालीं नव्यानें छाननी झाली आणि त्याला पुन्हां फायथॉरिमिया गणांत, म्हणजे मेरिकांनीं ठेवलें होतें तेथेंच, बसविण्यांत आलें. शेतकरी मात्र अजून ट्यूटाच म्हणतात.

आतां तो विद्यार्थी पानें आणतो तेव्हां मी लगेच बोलत नाहीं. पान अळीसकट बाटलींत ठेवतों, तोंडाला मलमलीचें फडकें बांधतों आणि दोनतीन आठवडे वाट पाहतों. पांखरूं बाहेर पडलें कीं तें कागदाच्या घडींत कोरडें ठेवून वर झाडाचें नांव, गांव आणि तारीख लिहितों. पांखराच्या नांवाची जागा पुष्कळदां मोकळी राहते. गेल्या पावसाळ्यांत करवंदीच्या पानांतून निघालेल्या एका रुपेरी पांखराची चिठ्ठी अजून तशीच आहे.