सूक्ष्म अर्थशास्त्राचा पत्ता: वाळूज, शिरापूर, कंझरा

छत्रपती संभाजीनगरजवळ (पूर्वीचं औरंगाबाद) बजाजनगरातून वाळूज औद्योगिक वसाहतीत शिरलं, की मोठ्या कारखान्यांच्या भिंती संपतात तिथे लहान शेडच्या रांगा सुरू होतात. कुणी ॲल्युमिनिअमचं कास्टिंग करतं, कुणी प्रेसवर पत्र्याचे भाग काढतं, कुणी फक्त प्लेटिंगचं जॉबवर्क घेतं. बजाज ऑटोने १९८५ साली इथे कारखाना सुरू केला आणि त्याच्या पाठोपाठ सुटे भाग पुरवणारे उद्योजक आले. एन्ड्युरन्स आणि व्हॅरॉक या आज परदेशातही कारखाने असलेल्या कंपन्या याच वसाहतीत वाढल्या.

एका दुचाकीला शेकडो भाग लागतात. त्यातले काही कंपनी स्वतः बनवते, बाकीचे व्हेंडरकडून घेते. कोणता भाग घरात बनवायचा आणि कोणता बाहेरून आणायचा, हे कशावरून ठरतं?

हाच प्रश्न रोनाल्ड कोस या तरुण इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १९३७ साली विचारला होता. बाजार इतका कार्यक्षम असेल, तर मुळात कंपन्या असतातच कशाला? त्याचं उत्तर असं: बाजारातून वस्तू घेताना किमतीखेरीजही खर्च येतो. पुरवठादार शोधावा लागतो, दर ठरवावा लागतो, करार करावा लागतो, आलेला माल तपासावा लागतो. हा खर्च स्वतः बनवण्याच्या कटकटीपेक्षा जास्त झाला, की कंपनी ते काम आपल्या छताखाली घेते. पुढे ऑलिव्हर विल्यमसनने यात आणखी एक पदर दाखवला. एखाद्या व्हेंडरने एकाच मॉडेलच्या भागासाठी महागडी डाय (साचा) बनवली, तर ती दुसऱ्या कुणाच्या उपयोगाची नसते. पैसा अडकल्यावर समोरचा दर पाडून मागू शकतो, आणि ही भीती असेल तर व्हेंडर डाय बनवायलाच धजणार नाही. म्हणून अनेकदा डाय व्हेंडरच्या शेडमध्ये असते, पण तिची मालकी मोठ्या कंपनीकडे असते. कोसला १९९१ साली आणि विल्यमसनला २००९ साली नोबेल मिळालं. वाळूजच्या शेडमालकाला या दोघांची नावं ठाऊक नसतील, पण त्यांचा सिद्धांत तो रोजच्या व्यवहारात जगत असतो.

शहराच्या दुसऱ्या बाजूला, बीबी का मकबऱ्यापासून जवळच, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे. १९५८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाला १९९४ साली ज्यांचं नाव मिळालं, ते स्वतः अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि त्यांचं एक सुरुवातीचं लेखन नेमकं सूक्ष्म अर्थशास्त्राचं आहे.

१९१८ साली आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर एक निबंध लिहिला. त्या काळी जमिनीच्या तुकडेकरणाची मोठी चर्चा होती. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली होती. १७७१ साली सरासरी ४० एकर असलेली तिथली जमीनधारणा १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली होती. यावर तज्ज्ञांचा उपाय सरळ होता: तुकडे जोडा, शेतं मोठी करा. आंबेडकरांनी त्या उपायाच्या मुळालाच हात घातला. शेत किफायतशीर आहे की नाही, हे त्याच्या एकरांवरून ठरत नाही. त्या जमिनीवर किती बैल, किती अवजारं, किती भांडवल आणि किती हात लागले आहेत, त्या प्रमाणावरून ठरतं. भांडवल तुटपुंजं असेल, तर मोठं शेत हाती येऊनही शेतकऱ्याचं काही भलं होणार नाही. खरी अडचण शेतीवर पोसल्या जाणाऱ्या जादा माणसांची आहे आणि त्यावरचा उपाय आहे उद्योगीकरण. जादा श्रमिकांचा हा विचार अर्थशास्त्रज्ञ आर्थर लुईस यांनी १९५४ साली मांडला आणि तो जगभर अभ्यासला गेला. आंबेडकरांचा निबंध त्याआधी ३६ वर्षांचा.

कृषी गणनेनुसार १९७०-७१ साली महाराष्ट्रातली सरासरी जमीनधारणा ४.२८ हेक्टर होती; २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. मराठवाड्यातल्या खेड्यांतून वाळूजभोवतीच्या रांजणगाव, पंढरपूर आणि बजाजनगरच्या भाड्याच्या खोल्यांत आलेल्या कामगारांची वाट याच आकड्यांमधून जाते.

विद्यापीठाच्या वर्गात मात्र चित्र वेगळं असतं. एम.ए.च्या पहिल्या वर्षाला सूक्ष्म अर्थशास्त्र शिकताना विद्यार्थ्यांसमोर समवृत्ती वक्र येतात, मागणीची लवचिकता येते, उत्पादन फलन येतं, मक्तेदारी आणि अल्पाधिकार येतो. उदाहरणं बहुतेक वेळा पुस्तकातली: चहा आणि कॉफी, संत्री आणि सफरचंदं. आकृत्या पाठ होतात, परीक्षेत उमटतात. या शास्त्राचे काही पायाभूत शोध मराठी गावांमध्ये लागले आहेत, याचा मात्र वर्गात क्वचितच उल्लेख होतो.

१९७५ साली हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेने कोरडवाहू गावांचा अभ्यास सुरू केला. त्यात सोलापूर जिल्ह्यातलं शिरापूर आणि अकोला जिल्ह्यातलं कंझरा होतं. संस्थेचे पाहणीकार गावातच राहत आणि त्याच त्या कुटुंबांकडे दर काही आठवड्यांनी जात. पेरणी, मजुरी, उसनवारी, धान्य, बैलांची खरेदी-विक्री, सगळ्याची नोंद होई. ही नोंद जवळपास दहा वर्षं चालली आणि विकसनशील देशांवरच्या संशोधनाला तिने मोठा आधार दिला.

अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्सवँगर यांनी या गावांमध्ये शेतकऱ्यांना खरे पैसे देऊन नाणेफेकीचा खेळ मांडला. मोठ्या रकमांच्या फेरीत एक पर्याय होता: छापा पडो वा काटा, नक्की ५० रुपये. दुसऱ्या टोकाचा पर्याय होता: एकतर काहीच नाही, नाहीतर २०० रुपये. मधे आणखी पायऱ्या होत्या. त्या काळी मजुरासाठी ही रक्कम लहान नव्हती. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं, की रक्कम मोठी झाल्यावर बहुतेक सगळे सारखेच, मध्यम सावधपणे वागतात. गरीब आणि सधन यांच्या धाडसात फारसा फरक नाही. गरीब शेतकरी भित्रा असतो म्हणून नवं बियाणं घेत नाही, या समजुतीला त्यामुळे तडा गेला. त्याच्या वाटेत उभ्या असतात त्या कर्जाच्या आणि साधनांच्या अडचणी.

मार्क रोझेनझ्वाइग आणि ओडेड स्टार्क यांनी १९८९ साली याच नोंदींवरून लग्नांकडे पाहिलं. ज्यांचं शेतीचं उत्पन्न जास्त हेलकावे खातं, ती कुटुंबं लेकी दूरच्या गावी देतात असं त्यांना आढळलं. दोन गावांत दुष्काळ एकाच वेळी पडण्याची शक्यता अंतरामुळे कमी होते, आणि अडचणीच्या वर्षी सोयऱ्यांचा आधार मिळतो. १९९४ साली रॉबर्ट टाउनसेंड यांनी शिरापूर, कंझरा आणि तेलंगणातलं अवुरेपल्ली या तीन गावांतला खर्च तपासला. एखाद्या घराचं उत्पन्न कोसळलं, तरी त्या घराचा खर्च त्या प्रमाणात कोसळत नाही, तो गावाच्या सरासरीबरोबर चालतो. विमा कंपनी नसलेल्या गावात उसनवारीचं जाळं विम्याचं बरंच काम करत होतं. भूमिहीनांना मात्र त्या जाळ्याचा आधार कमी मिळत होता.

हे तीन अभ्यास वर्गात आले, तर जोखीम, उपयोगिता आणि विमा हे धडे मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला परके वाटणार नाहीत. दूर दिलेल्या आत्या आणि बहिणी त्याच्या घरातही आहेत.

वाळूजमध्ये शिकवण्यासारखं पाणीही आहे. इथल्या उद्योगांची तहान जायकवाडी धरण भागवतं आणि या वसाहतीत बिअरचे कारखाने आहेत. २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात असताना, मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांचं पाणी आधी निम्म्याने आणि मग ६० टक्क्यांनी कमी करण्याचा आदेश दिला. पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क, यावर वाद नाही. पण उरलेलं पाणी उद्योग आणि शेती यांच्यात कसं वाटायचं? सरसकट कपात करायची, की दर वाढवायचा, की एका वापरकर्त्याला आपला वाटा दुसऱ्याला विकू द्यायचा? शेवटच्या एका घनमीटर पाण्यातून ऊस किती कमावतो, बाटली किती कमावते आणि किती जणांचा रोजगार टिकतो, हे मोजण्याची पद्धत सूक्ष्म अर्थशास्त्र देतं. महाराष्ट्राने २००५ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा करून घाऊक पाण्याचे दर ठरवण्याचं काम एका स्वतंत्र संस्थेकडे दिलं. त्या दरनिश्चितीची कागदपत्रं हाच एका सत्राचा अभ्यासक्रम होऊ शकतो.

संशोधनाचे विषयही असेच जवळ सापडतात. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने मुंबई आणि बडोद्यातल्या महापालिका शाळांत बालसखी प्रयोग तपासला. मागे पडलेल्या मुलांना वस्तीतल्याच तरुणी शिकवत. काही वर्गांना बालसखी मिळाली, काहींना नाही, आणि ही निवड चिठ्ठ्या टाकल्यासारखी यदृच्छेने केलेली होती. त्यामुळे गुणांत पडलेला फरक शिकवण्यामुळेच पडला, असं म्हणता आलं. २०१९ चं नोबेल ज्या पद्धतीसाठी मिळालं, तिचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईच्या महापालिका शाळांतही लिहिला गेला.

विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाच्या हाताशी साधनं आहेत. राष्ट्रीय नमुना पाहणीची कुटुंबनिहाय माहिती सरकारी संकेतस्थळावर मिळते, इक्रिसॅटच्या गावांची माहितीही अभ्यासकांना मिळते. तिच्यावर काम करायला संगणक, संख्याशास्त्राची तयारी आणि मार्गदर्शकाचा वेळ लागतो. प्रबंधाला दुय्यम आकडेवारीचे तक्ते पुरतात, ही सवय मोडावी लागेल. रांजणगावातली शंभर भाडेकरू कुटुंबं निवडून त्यांची मजुरी, ओव्हरटाइम, भाडं, गावी पाठवलेले पैसे आणि टँकरच्या पाण्याचा खर्च दर महिन्याला नोंदवला, तर कंत्राटी कामगाराच्या उत्पन्नाचे हेलकावे कोण सोसतं, हे सांगता येईल: ठेकेदार, शेजारी, की गावाकडचं शेत. शिरापूरमध्ये हेच काम गावातच मुक्काम करणाऱ्या मोजक्या पाहणीकारांच्या चिकाटीवर उभं राहिलं होतं. विद्यापीठातून वाळूज गाठणं अवघड नाही, आणि दरवर्षी एम.ए.ला बसणाऱ्यांत त्या खोल्यांमध्ये वाढलेली मुलंमुलीही असतात.