मेंढा तोफ : मिश्रण की संयुग?

मुलांना घेऊन आम्ही दौलताबादच्या किल्ल्यावर गेलो होतो. चिनी महालाजवळच्या बुरुजावर मेंढा तोफ आहे. मागच्या टोकाला मेंढ्याचे डोके, अंगावर औरंगजेबाच्या नावाचा लेख. तिचे दुसरे नाव ‘किला शिकन’, म्हणजे किल्ला फोडणारी. “ही पंचधातूची,” असे वाटाड्याने सांगताच एका मुलीने विचारले, “सर, मग ही मिश्रण की संयुग?”

“मिश्रण,” असे आम्ही ठोकून दिले. उत्तर चूक नव्हते, पण अपुरे होते.

वाळू आणि लोखंडाचा कीस हे विषमांगी मिश्रण; घटक डोळ्यांना दिसतात, चुंबकाने वेगळेही होतात. मीठ-पाणी समांगी. कांसे, म्हणजे ब्राँझ, या दुसऱ्या प्रकाराजवळचे. वितळलेल्या तांब्यात कथिल विरघळते आणि थिजल्यावरही बरेचसे विरघळलेलेच राहते. हे घन द्रावण. संयुगात प्रमाण ठरलेले असते : पाण्यात हायड्रोजन व ऑक्सिजन वजनाने १:८, त्यात बदल नाही. कांशात मात्र ओतारी प्रमाण बदलू शकतो. तोफेला शंभरात साधारण १० भाग कथिल, घंटेला २० ते २२.

हा फरक कशासाठी? तांबे मऊ, कथिल त्याहून मऊ. पण कथिलाचे अणू आकाराने मोठे. ते तांब्याच्या अणूंच्या थरांत अडसर घालतात, थर सहज घसरत नाहीत आणि धातू कठीण होतो. कथिल फार वाढवले, की सगळे तांब्यात मावत नाही. मग तांबे व कथिल यांच्या संयुगाचे कठीण, ठिसूळ कण आत तयार होतात. घंटा त्यामुळे खणखणीत वाजते, पण घणाने फुटते. म्हणजे मिश्रणाच्या पोटात संयुगही असते! मुलीचा प्रश्न आम्हाला वाटला त्यापेक्षा खोल होता.

कांशाची आणखी एक सोय अशी, की तांबे १०८५ अंश सेल्सियसला वितळते, तर दहा टक्के कथिल घातलेले कांसे सुमारे १००० अंशांलाच पूर्ण पातळ होते. लोखंडाला १५३८ अंश लागतात. एवढी उष्णता त्या काळच्या भट्ट्यांत मिळत नसे. म्हणून मोठ्या लोखंडी तोफा पट्ट्या आणि कडी तापवून, ठोकून जोडत. कांशाच्या तोफा साच्यात ओतत. कांसे महाग पडे, कारण कथिल आपल्याकडे फारसे सापडत नाही.

राहता राहिली पंचधातू. या नावाखाली सोने-चांदीही मोजतात, पण धातूतले घटक रंगावरून ठरत नाहीत, त्याला रासायनिक विश्लेषणच हवे.

वर्गात दाखवायचे असेल, तर सोल्डरची तार घ्या. कथिल २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ला. पण ६३ भाग कथिल व ३७ भाग शिसे असलेली तार १८३ अंशांनाच वितळते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यात दोन प्रकारचे कण वेगळे दिसतात, म्हणजे हे संमिश्र चक्क विषमांगी! ‘सर्व संमिश्रे समांगी असतात’ हे वाक्य आम्ही आमच्या टिपणांतून काढून टाकले आहे. तार वितळवताना खिडक्या उघड्या ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा. शिसे विषारी आहे.